एसइओचा सल्ला ऐकला की आधी वेबसाइटपासून हात लांब ठेवा

माझी कुंडीतल्या झाडांवरची एक मराठी वेबसाइट आहे, छोटीशीच, कढीपत्ता का वाढत नाही, मोगऱ्याला कळ्या का येत नाहीत असल्या विषयांची. आणि गुहागरला मावसभावाचं होमस्टे आहे त्याची साइट पण मीच बघतो, बदल्यात मे महिन्यात आंब्याची पेटी येते. या दोन साइट्सवर मी एसइओचे, म्हणजे गूगलमध्ये आपलं पान वर यावं म्हणून करायच्या खटपटींचे, नाही नाही ते सल्ले करून बघितलेत, आणि सगळ्यात महागात पडला तो असा: एका व्हिडिओत सांगितलं होतं की लिंकमध्ये देवनागरी असेल तर गूगलला पान नीट कळत नाही, सगळ्या लिंका इंग्रजी अक्षरांत करून टाका. मी एका रविवारी बसून जुन्या सगळ्या पोस्टच्या लिंका बदलल्या. जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर रिडायरेक्ट लावायचा असतो हे व्हिडिओत नव्हतं आणि मला माहीत नव्हतं, त्यामुळे लोकांनी व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या, दुसऱ्या साइट्सनी दिलेल्या, गूगलमध्ये बसलेल्या सगळ्या लिंका एका दुपारीत मेल्या. मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडून वरची लिंक बघितली असती तरी कळलं असतं, तिथे लेखाचं नाव देवनागरीतच असतं आणि ती पानं गूगलमध्ये व्यवस्थित दिसतात. दोन मिनिटांचं काम होतं, केलं नाही.

तेव्हापासून सल्ला आला की आधी काय बघायचं याची सवय लावून घेतलीये, ती इथे लिहितोय. मी काही एसइओवाला नाही, भाजलेला माणूस आहे.

आधी तारीख बघा

दुधाच्या पिशवीवरची बघतो तशी. एसइओमधले बरेचसे सल्ले कधीतरी खरे होते, आता शिळे झालेत. मेटा कीवर्ड घ्या. पानाच्या कोडमध्ये एक लपलेली जागा असते, तिथे कीवर्डची यादी टाकायची. अल्टाविस्टाच्या जमान्यात, म्हणजे नव्वदच्या दशकात, सर्च इंजिनं ती यादी वाचायची. लोकांनी त्यात वाट्टेल ते कोंबायला सुरुवात केली आणि ती जागा कामातून गेली. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघडपणे सांगितलं की वेब सर्चच्या रँकिंगसाठी आम्ही ही यादी बघतच नाही. आणि आजही मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतं, "दादा कीवर्ड किती टाकू, दहा की वीस?"

किंवा पानाच्या खाली प्रश्नोत्तरं आणि त्याला एफएक्यू स्कीमा, म्हणजे ही प्रश्नोत्तरं आहेत हे गूगलला सांगणारा कोडचा तुकडा. एके काळी त्याने गूगलमध्ये तुमच्या निकालाखाली प्रश्नांची पट्टी उघडायची, जागा जास्त मिळायची, त्यामुळे सल्ला बरोबरच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती पट्टी नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्याच्या साइट्सपुरती ठेवली. पण "प्रत्येक पोस्टला एफएक्यू स्कीमा लावा" हे वाक्य अजून सगळीकडे तसंच आहे.

गंमत म्हणजे लेखाच्या मथळ्यात वर्ष मात्र कायम ताजं असतं, दर जानेवारीत तेवढं बदलतात. त्यामुळे मथळ्यावर जायचं नाही, आत मेलेल्या गोष्टी शोधायच्या. गूगल प्लसवर शेअर करा असं कुठे लिहिलंय का? ते सामान्य लोकांसाठी २०१९ मध्येच बंद झालं. पेजरँकचा, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन सांगणारा, आकडा तपासा म्हणतोय का? गूगलच्या टूलबारमधला तो आकडा गूगलने २०१६ मध्ये काढून टाकला. वेगाच्या गप्पांमध्ये एफआयडी, म्हणजे पान पहिल्या क्लिकला किती उशिरा दाद देतं तो आकडा, आहे का? त्याच्या जागी मार्च २०२४ मध्ये आयएनपी आलं. यातली एक जरी गोष्ट सापडली तरी समजायचं की फक्त पाटी रंगवलीये, भिंत जुनीच आहे.

मग सांगणारा काय विकतो ते बघा

यावर जरा सविस्तर बोलतो कारण पैसे इथेच जातात.

मावसभावाला एकदा फोन आला, "सर तुमच्या वेबसाइटमध्ये ४७ एरर सापडलेत, त्यामुळे गूगल तुम्हाला दाखवत नाही." रिपोर्ट पण पाठवला, लाल लाल गोल, स्पीडोमीटरसारखा काटा, बघूनच घाम फुटावा. मी एकेक एरर वाचत बसलो. कुठे एका रेघेच्या चित्राला ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांत वर्णन) नाही, कुठे एका पानावर दोन एच वन (मुख्य शीर्षकं) आहेत, कुठे मेटा डिस्क्रिप्शन (कोडमधला पानाचा सारांश) चार अक्षरांनी लांब आहे. एच वन किती असावेत याला काही जादूचा आकडा नाही, हे गूगलच्या स्वतःच्या स्टार्टर गाइडमध्ये, म्हणजे नवख्यांसाठीच्या एसइओच्या माहितीत, लिहिलेलं आहे. म्हणजे ४७ मधले चाळीसेक तर "घराच्या पडद्याला इस्त्री नाही" या जातीचे, आणि रिपोर्ट बनवणारं टूल फुकट असतं, कुठल्याही साइटची लिंक टाका, लाल गोल येतोच, कारण लाल गोल आला नाही तर पुढचं पॅकेज कोण घेणार.

मी त्या मुलाला एवढंच विचारलं की बाबा, सर्च कन्सोल (साइट गूगलमध्ये कशी दिसते हे तिच्या मालकाला दाखवणारं गूगलचं टूल) न बघता तुला कसं कळलं गूगल काय दाखवतंय आणि काय नाही? त्याने सिनिअरना विचारून सांगतो म्हणून फोन ठेवला. तो फोन अजून यायचाय.

दुसरा आकडा म्हणजे डीए, डोमेन ऑथॉरिटी, साइट किती वजनदार आहे ते सांगणारा. "आमच्या पॅकेजमध्ये डीए १२ वरून ३० होईल" वगैरे. डीए हा मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला आकडा आहे, डोमेन रेटिंग हा एचरेफ्सचा. दोन्ही कंपन्यांनी स्वतःच्या हिशोबाने बनवलेले अंदाज आहेत, दोन साइट्सची ढोबळ तुलना करायला ठीक, पण गूगल हे आकडे वापरत नाही. डीए वाढवायला पैसे देणं म्हणजे शेजाऱ्याच्या वजनकाट्यावर वजन कमी दिसावं म्हणून काट्याची स्प्रिंग फिरवण्यासारखं आहे.

आम्ही पण फिरवलीये हो. होमस्टेसाठी एका एजन्सीकडून (नाव जाऊ दे) बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं, पॅकेज घेतलं होतं. लिंका कुठून आल्या, तर कसल्यातरी परदेशी डिरेक्टऱ्या, फर्निचरची साइट, एक चक्क बंद पडलेला ब्लॉग. गुहागरचा आणि त्यांचा काय संबंध? रँक वर गेली नाही आणि खाली पण गेली नाही, काहीच झालं नाही, पैसे तेवढे गेले. नंतर वाचलं तेव्हा कळलं असं का. विकतच्या लिंकांना चाप लावायला गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं, आणि २०१६ पासून ते असल्या लिंका बहुतेक वेळा सरळ मोजतच नाही. आणि वर्षभराने दुसरी एजन्सी म्हणते, तुमच्या साइटला टॉक्सिक बॅकलिंक आहेत, आम्ही काढून देतो! म्हणजे घाण टाकायचे पैसे वेगळे आणि झाडायचे वेगळे. डिसॲव्हाव म्हणून गूगलचं टूल आहे, २०१२ पासून, या लिंका मोजू नका असं गूगलला कळवायचं, पण गूगल स्वतःच सांगतं की बहुतेक साइट्सना ते लागत नाही. सर्च कन्सोलमध्ये मॅन्युअल ॲक्शनचं, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचं, पान रिकामं असेल तर शांत बसायचं.

"पहिला नंबर गॅरंटी" म्हणणाऱ्यासाठी तर वेगळा विचारच नको. एसइओ कसा निवडावा यावर गूगलचं स्वतःचं पान आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही.

एक मात्र सांगतो, विकणारा म्हणून प्रत्येकजण खोटा असं धरायचं नाही. ही टूल बनवणाऱ्या कंपन्यांचे काही लेख खरंच चांगले असतात. फक्त सल्ल्याचा शेवट त्यांच्याच बटणावर होत असेल तर तेवढा भाग मनातून कमी करून वाचायचा.

"पहिल्या दहा निकालांचा अभ्यास केला" हा प्रकार

इथे शिकलेली माणसं पण फसतात. लाखो निकाल गोळा करतात, सरासरी काढतात आणि सांगतात की वर येणाऱ्या पानांवर इतके शब्द असतात, म्हणून तुम्ही पण इतके लिहा.

समजा एखाद्या मिसळीच्या दुकानाबाहेर रोज रांग असते, आणि आत पंखा बंद असतो, बाकडी डुगडुगतात, मालक तिरसट आहे. उद्या तुम्ही पंखा बंद करून बाकडी डुगडुगती करून लोकांवर खेकसलात तर रांग लागेल का? रांग तर्रीसाठी आहे.

२०१३ मध्ये असंच झालं होतं. मॉझच्या अभ्यासात दिसलं की ज्या पानांना गूगलचे प्लस वन (फेसबुकच्या लाइकसारखे) जास्त ती वर असतात, लगेच बोभाटा, प्लस वन गोळा करा. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या मॅट कट्स यांनी खुलासा केला की बाबांनो, चांगलं लिहिलं की लोक लिंक पण देतात आणि प्लस वन पण देतात, म्हणून दोन्ही एकत्र दिसतं, प्लस वनमुळे पान वर येत नाही. शब्दसंख्येचं तेच आहे. कमीत कमी किंवा जास्तीत जास्त किती शब्द असा आकडा नाही, हे स्टार्टर गाइडमध्येच आहे. मी मात्र हे कळायच्या आधी "मोगऱ्याला पाणी किती घालावं" याला मोगऱ्याचा इतिहास जोडून दोन हजार शब्द केले होते. माझ्या आईनेच वाचून विचारलं, "पाणी किती घालायचं ते कुठाय यात?"

हे आपल्याला लागू आहे का

सल्ला खरा असतो, ताजा असतो, सांगणारा प्रामाणिक असतो, आणि तरी आपल्या कामाचा नसतो. क्रॉल बजेट, म्हणजे गूगल तुमच्या साइटची किती पानं वाचायला येतो त्याची मर्यादा, हे त्यातलं सगळ्यात भारी उदाहरण. गूगलचंच मार्गदर्शन आहे की हा विचार दहा लाखाच्या वर पानं असलेल्या, किंवा दहा हजाराच्या वर पानं रोज बदलणाऱ्या मोठ्या साइट्सनी करावा. माझ्या साइटवर दीडशे पानं. मी क्रॉल बजेटची काळजी करणं म्हणजे दोन खोल्यांच्या घराला ट्रॅफिक सिग्नल.

मराठीत तर हे फारच होतं, कारण बहुतेक सल्ले अमेरिकेतल्या इंग्रजी साइट्सवरून आलेले. "ज्या कीवर्डला सर्च व्हॉल्यूम नाही त्यावर लिहू नका" हे घ्या, सर्च व्हॉल्यूम म्हणजे तो शब्द महिन्यात किती वेळा शोधला जातो तो आकडा. टूलमध्ये मराठी वाक्य टाका, बऱ्याचदा शून्य येतं. पण लोक शोधतातच की! एक जण कढीपत्ता लिहितो, दुसरा कडीपत्ता, तिसरा इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, चौथा फोनवर बोलून विचारतो "कढीपत्त्याला ताक घातलं तर चालतं का". हे सगळं विखुरलेलं असतं म्हणून टूलला दिसत नाही. गूगल तर सांगतं की रोजच्या सर्चपैकी साधारण १५ टक्के त्यांनी आधी कधी पाहिलेलेच नसतात. माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान टूलच्या हिशोबाने शून्य व्हॉल्यूमचं आहे. त्यामुळे टूलच्या शून्यावर विश्वास न ठेवता सर्च कन्सोलमध्ये लोक खरंच काय टाइप करून आलेत ते बघायचं, आणि अगदी विरळ प्रश्न गूगल तिथेही खासगीपणापोटी लपवतं हे ध्यानात ठेवायचं.

होमस्टे, दुकान, क्लास असेल तर गणितच वेगळं. मॅपवरच्या निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगतं, शोधलेल्याशी जुळणं, अंतर, आणि नावलौकिक. अंतराचं तुम्ही काहीच करू शकत नाही. "बिझनेसच्या नावात कीवर्ड घाला" हा सल्ला इथे फार चालतो, म्हणजे पाटीवर नुसतं आडनाव आणि मॅपवर "बेस्ट होमस्टे इन गुहागर सी फेसिंग एसी रूम". चालतं पण कधी कधी, नियमाविरुद्ध आहे, आणि कोणी तक्रार केली की प्रोफाइलच सस्पेंड होऊ शकतं, तेही ऐन सीझनमध्ये.

आणि गूगल म्हणतं ते?

इतका वेळ मी गूगलचाच दाखला देतोय, तर तिथेही डोळे मिटून मान डोलवायची नाही. क्लिक आम्ही रँकिंगसाठी थेट वापरत नाही, असा सूर गूगलची माणसं वर्षानुवर्षं लावत होती. मग अमेरिकन सरकारने गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला, आणि २०२३ मध्ये गूगलचेच पांडू नायक यांनी कोर्टात शपथेवर नावबूस्ट नावाच्या यंत्रणेबद्दल सांगितलं, जी १३ महिन्यांच्या क्लिकच्या डेटावर चालते. मग मे २०२४ मध्ये गूगलची आतली कागदपत्रं बाहेर आली, १४ हजारांहून जास्त गोष्टींची यादी, त्यात साइट ऑथॉरिटी नावाची पण एक.

पण यावरून लगेच "बघा, डीए खरंच होतं" किंवा "बॉट लावून क्लिक वाढवा" म्हणणारे जे उगवले, ते परत तीच चूक करत होते. त्या यादीत कशाला किती वजन आहे, कुठली गोष्ट आज वापरात आहे, हे लिहिलेलंच नाही. किराणा दुकानातल्या मालाची यादी मिळाली म्हणून आमटीची कृती कळत नाही. मी अंदाजाने असं ठरवलंय की गूगल "हे करू नका" म्हणतं ते बहुतेक ऐकायचं, "आम्ही हे बघत नाही" म्हणतं तिथे थोडी शंका ठेवायची.

परत फिरता येतं का ते आधी बघा

एवढं सगळं करून सल्ला बरा वाटला तर एक शेवटचा प्रश्न. चुकलं तर मागे येता येईल का? मथळा बदलणं, पहिला परिच्छेद बदलणं, जुन्या पोस्टमधून नवीला लिंक देणं, हे सगळं दहा मिनिटांत परत होतं, बिनधास्त करून बघा. लिंका बदलणं, डोमेन बदलणं, डिसॲव्हाव, आणि जुन्या पोस्ट उडवणं, इथे आठ दिवस झोपून मग ठरवा. जुन्या पोस्ट उडवल्या की साइट ताजी दिसते हा समज इतका पसरला होता की २०२३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या मोठ्या साइटने हजारो जुने लेख काढले, आणि त्याच सुमाराला गूगलच्या डॅनी सुलिव्हन यांना सांगावं लागलं की जुनं लिखाण गूगलला आवडत नाही असं काही नसतं. लिंका बदलायच्याच असतील तर प्रत्येक जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर ३०१ (म्हणजे कायमचा) रिडायरेक्ट, आणि आधी पूर्ण बॅकअप. हे मला कोणीतरी त्या रविवारी सांगायला हवं होतं.

करून बघायची पद्धत

साइटवर सगळीकडे एकदम नाही करायचं. एकाच तऱ्हेची आठ-दहा पानं घ्या, अर्ध्यांवर बदल करा, अर्धी तशीच ठेवा. बदल एकच. मथळा पण बदलला, फोटो पण बदलले आणि वर स्कीमा पण लावला तर कशाने काय झालं हे देवाला पण कळणार नाही. तारीख लिहून ठेवा, मी साधी वही ठेवलीये, जुना मथळा, नवा मथळा, तारीख. मग किमान महिनाभर हात लावायचा नाही, हेच सगळ्यात अवघड.

तुलना करताना मागच्या महिन्याशी करू नका. कुंडीतल्या झाडांचं लिखाण पावसाळ्यात आपोआप वर जातं, होमस्टेचं दिवाळीत आणि मे महिन्यात, त्यात तुमचं काहीच कर्तृत्व नसतं. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणजे मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून बघता येतं. त्या दिवसांत गूगलचं कोअर अपडेट, म्हणजे रँकिंगच्या पद्धतीतला मोठा बदल, चालू होतं का तेही बघा, गूगलच्या सर्च स्टेटस डॅशबोर्डवर तारखा असतात. चालू असेल तर तेवढे दिवस हिशोबातून सोडून द्या.

ॲव्हरेज पोझिशनने, म्हणजे निकालांत पान सरासरी कितव्या जागी दिसतं त्या आकड्याने, मला फार छळलंय म्हणून वेगळं सांगतो. एका पानाची पोझिशन ८ वरून १९ झाली, मी हबकलो, सगळे बदल मागे घेतले. नंतर नीट बघितलं तर क्लिक वाढले होते. झालं असं की पान बऱ्याच नव्या प्रश्नांसाठी चाळिसाव्या, पन्नासाव्या जागी दिसायला लागलं होतं, त्यांनी सरासरी खाली ओढली, जुन्या प्रश्नांवर ते होतं तिथेच होतं. म्हणून आकडा बघायचा तर एकेका प्रश्नाचा. आणि स्वतःच्या फोनवर शोधून तर अजिबात ठरवायचं नाही. मावसभाऊ होमस्टेच्या अंगणात उभा राहून "गुहागर होमस्टे" शोधतो आणि खूश होतो की मी पहिला, अरे तू अंगणात उभा आहेस.

सध्याचं नवं खूळ

आता सल्ल्यांची पुढची लाट आलीये, एआयच्या उत्तरांत आपलं नाव यावं म्हणून. जीइओ, एइओ अशी त्याची नवी नावं, आणि एआयला साइटची ओळख करून देणारी एलएलएम्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल साइटवर ठेवा वगैरे. त्या फाइलचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला, कल्पना वाईट नाही, पण गूगलचं म्हणणं आहे की त्यांच्या एआय ओव्हरव्ह्यूमध्ये (निकालांच्या वर येणाऱ्या एआयच्या उत्तरात) येण्यासाठी अशी कुठलीही खास फाइल लागत नाही, नेहमीचं काम नीट असलं की झालं. फाइल ठेवल्याने तोटा नाही, परत काढता येते, त्यामुळे ठेवायची तर ठेवा, पण ती बनवून द्यायचे कोणी पैसे मागितले तर मेटा कीवर्डची यादी आठवा.

होमस्टेच्या साइटवर आत्तापर्यंत ज्याचा खरंच फरक दिसला ते फारच साधं निघालं. मावसभावाला फोनवर लोक काय विचारतात ते त्याला आठवडाभर लिहून ठेवायला सांगितलं. गाडी दारापर्यंत येते का, जेवण शाकाहारी मिळतं का, चिपळूणला ट्रेनने उतरलो तर पुढे कसं यायचं. तीन प्रश्नांची तीन पानं केली, शब्द मोजले नाहीत. सध्या माझ्या वहीत मोगऱ्याच्या चार पानांचे नवे मथळे लिहिलेले आहेत, चार जुनेच ठेवलेत, महिना व्हायला अजून अकरा दिवस आहेत आणि मी सर्च कन्सोल दिवसातून दोनदा उघडून बंद करतोय.